कुंड्यांतल्या मातीला मिळालेला शुद्धतेचा दाखला

प्रति,
मा. अधिकारी,
इमारत परवानगी विभाग,
नगर कार्यालय.

विषय : जुन्या बॅटरी कारखान्याच्या जागेवरील वसाहतीस दिलेला मातीचा दाखला रद्द करून नमुना पुन्हा घेण्याबाबत.
संदर्भ : आपल्या सहीचा दाखला, ज्यात सदर माती 'निर्धोक व सुपीक' म्हटली आहे.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा सदर वसाहतीत माळी होता. कारखाना बंद पडल्यावर बारा वर्षे ओसाड असलेल्या जागेत बिल्डरने चार इमारती उठवल्या आणि मधल्या चौकात मुलांसाठी बाग करण्याचे काम अर्जदार व त्याच्या बायकोस दिले. तो चौक म्हणजे ॲसिडच्या टाक्यांची जागा, हे अर्जदारास मागाहून कळले. बिल्डरला पहिल्यापासून ठाऊक होते.

अर्जदाराने हिरवळ तीन वेळा लावली. तिन्ही वेळा ती आठवड्यात पिवळी आणि पंधरवड्यात काळी पडली. तसे कळवले असता साइट इंजिनिअर म्हणाले, "माळीबुवा, गवत हिरवं दिसलं पाहिजे. जगलं पाहिजे असं तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यानंतर फवारणीच्या पंपात हिरवा रंग भरून देण्यात आला. अर्जदाराने तो मारला, हे लाजेने नमूद आहे.

आपले निरीक्षक नमुना घेण्यास आले त्या सकाळी इंजिनिअरांनी विक्री कार्यालयाच्या दारातील कुंड्या अर्जदाराकडून रिकाम्या करवून ती माती चौकाच्या कडेला पसरवली. निरीक्षकांनी बूट खराब होऊ नयेत म्हणून पुढे पाऊल न टाकता तेवढीच उचलली. त्या मातीत पालापाचोळ्याचे खत अर्जदाराने घातले होते, चाळलीही त्यानेच होती. आपल्या डोळ्यांत फेकलेली धूळ इतकी उत्तम प्रतीची होती, याचा अभिमान वाटून घ्यावा की काय, हे त्यास कळत नाही. दाखल्यातील 'सुपीक' हा शब्द तेवढा खरा आहे.

चाव्या वाटपाच्या दिवशी चौकात प्लास्टिकची हिरवळ अंथरली होती. बिल्डर मालकांनी "मेलेल्या जमिनीत आम्ही जीव ओतला" असे भाषण ठोकले. टाळ्या चालू असतानाच एक तान्ही पोर त्या हिरवळीवर रांगू लागली. अर्जदाराने तिला उचलून आईकडे दिले, प्लास्टिकची कड धरली आणि सगळे गुंडाळले. खालची काळी जमीन व तिचा वास उघडा पडला. आईने विचारले, "हे काय आहे?" मालक म्हणाले, "काही नाही वहिनी, ओल आहे." अर्जदार म्हणाला, "ताई, ॲसिड आणि शिसं आहे. लेकराला इथे सोडू नका." ती बाई चावी टेबलावर ठेवून निघून गेली. उरलेल्या एकोणतीस कुटुंबांनी, प्लास्टिकची हिरवळ घराच्या किमतीत धरली आहे ना, एवढीच चौकशी केली. अर्जदारास तिथल्या तिथे काढून टाकण्यात आले.

काम परत मिळावे म्हणून हा अर्ज नाही. असल्या लोकांची बाग पुन्हा करण्याची अर्जदारास हौस नाही. पण मुले त्यांची असली तरी मुलेच आहेत, आणि ती रोज तिथे अनवाणी धावत आहेत. तरी चौक तातडीने बंद करावा व नमुना मधोमध हातभर खणून घ्यावा. खणून देण्यास अर्जदार तयार आहे. आपण जातीने यावे. जुने बूट घालून आल्यास उत्तम.

फारशी आशा न ठेवता, तरीही आपला नम्र,

(सही)
वसाहतीचा माजी माळी

(अंगठा)
सहअर्जदार, माळ्याची बायको

दिनांक : ९ मार्च

सोबत : काळ्या गवताची मुळे, कागदाच्या पुडीत.

ता. क. सहअर्जदाराने त्या चौकातले खडे चार महिने हातांनी वेचले. तिच्या बोटांची सालटी निघाली असून अंगठ्याच्या रेषा उमटत नाहीत, नुसता शाईचा डाग पडतो. 'ठसा अस्पष्ट' असा शेरा मारून आपल्या खिडकीवरून हा अर्ज दोनदा परत आला आहे. ठसा यापेक्षा स्पष्ट येणार नाही.