शेवाळ, सोफा आणि आमचे भावजी

तीर्थरूप ताईस धाकट्या भावाचे वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? औषधाचं तेल नियमित चोळतेस ना? भावजी सुखरूप पोचल्याचं कळलं. (आमच्याकडून निघाल्याचं समाधान त्याहून मोठं.) त्यांनी ‘कुत्र्याची तब्येत सुधारून आलो’ असं सांगितल्याचंही कळलं, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमचा ठोंब्या कान खाजवतो. कुत्रं खाजवणारच, त्याला दुसरा उद्योग काय? पण तुझ्या यजमानांनी चष्मा कपाळावर चढवून निदान केलं की याच्या अंगात शेवाळाची कमतरता आहे. लगेच ट्रंकेतून हिरव्या पुडीचा डबा निघाला. डब्यावर ठळक लिहिलं होतं, चिमूटभर द्या, आधी जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. मी ते वाचून दाखवलं, तर म्हणाले, “छापणाऱ्यानं कधी कुत्रं पाळलंय का?” आणि जेवणाच्या चमच्यानं शीग लावून दिली की वाडग्यात! (हा गृहस्थ स्वतःच्या चहात साखर मात्र मोजून घालतो.)

खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवणं हे माझं पोट भरण्याचं साधन, हे तुला ठाऊक आहेच. त्या दिवशी घरातल्याच कारखान्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंचा सोफा तयार होता. रंग सायीचा, कडेला बारीक गोट, शेवटचा खिळा तेवढा बाकी. पोटात कळ आल्यावर ठोंब्याला अख्ख्या घरात तोच सोफा पसंत पडला. पुढचं लिहीत नाही, तू जेवायला बसली असशील. एवढंच सांगतो, ते हिरवं होतं. भावजी वाकून, निरखून म्हणाले, “बघा, विष बाहेर पडतंय!” पडलं खरं, पण माझ्या गिऱ्हाइकाच्या कापडावर.

तुझ्या भावजयीनं डबा कपाटात कुलूपबंद केला. शहाणा माणूस इथे थांबला असता. भावजींनी बादली उचलली आणि घरामागच्या तळ्यातली हिरवी साय भरून आणली! “निसर्ग काय डब्यात जन्मतो?” असं वर आम्हालाच ऐकवलं. बादली अंगणात टेकली, तोवर ठोंब्यानं तोंड घातलंच. तुझी भावजय धावली, लाथेनं बादली उलथली, ठोंब्याला काखोटीला मारलं (तिची कंबर अजून धरलेली आहे) आणि आम्ही दवाखाना गाठला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ठोंब्याचं तोंड धुतलं, सुई टोचली आणि विचारलं, “तळ्यातलं कुणी दिलं?” आम्ही सगळ्यांनी भावजींकडे पाहिलं. ठोंब्यानंसुद्धा. “असलं शेवाळ विषारी निघालं तर तासाभरात कुत्रं जातं, आजोबा. डब्यातली पूड तपासलेली असेल तरच द्यायची, तीही नखभर, जेवणात कालवून, हळूहळू वाढवत. आणि मला विचारून.”

भावजी म्हणाले, “माझंही अगदी हेच मत होतं.”

ताई, मला तिथल्या तिथे हसावं की त्यांचा गळा धरावा, कळेना. पण मग ते टेबलाशी जाऊन उभे राहिले. ठोंब्याचा पंजा हातात घेतला आणि संध्याकाळी बाई ‘धोका टळला’ म्हणेपर्यंत सोडला नाही. पाणीसुद्धा प्याले नाहीत. टळल्यावर मात्र माझ्याच रुमालात नाक शिंकरलं आणि तो खिशात घालून घेऊन गेले. असा माणूस तू इतकी वर्षं सांभाळलास, तुझ्या पायाचं तीर्थ घ्यायला हवं.

तुझा,
धाकटा

ता. क. – लेक बाळंतपणासाठी बोलावते आहे, आम्हा दोघांनाही जायला हवं. ठोंब्याला कुठे ठेवायचं? भावजी गेल्यापासून तो दारात बसून असतो, माझ्या हातून घास घेत नाही. तेव्हा भावजींना थोडे दिवस पाठवशील का? पुडीबद्दल बाईंना विचारलं आहे, त्या म्हणाल्या चिमूटभर चालेल. चिमूट तुझ्या बोटांची, त्यांच्या नव्हे, हे नीट समजावून पाठव.

ता. क. दुसरा – हे पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नकोस. तुझी पत्रं आधी तेच फोडतात म्हणे. तसं झालं असेल तर – भावजी, सादर नमस्कार. वरचा मजकूर ताईची करमणूक व्हावी म्हणून आहे. गाडी कितीची ते कळवा, सामान उचलायला मी स्वतः येतो.