घासाला बत्तीस वेळा

गोरेगाव, ता. ४ डिसेंबर १९५४

ती. सौ. रुख्माताईस,
केवळरामाचा सा. न. वि. वि. चार महिने पत्र नाही, क्षमा कर. धानाची कापणी हे कारण खरे, पण पुरते नाही, आळसही होता.

दिवाळीनंतर तुझी भावजय प्रेमिला हिच्या पोटात फार जळजळते. पार वाळली आहे. वैद्यांच्या चूर्णाने गुण नाही. आता नागपूरला दाखवा म्हणतात. मी एका मासिकात वाचले की घास बत्तीस वेळा चावावा. दिवाळीच्या पाडव्यापासून मोजून चावतो. जेवायला तास लागतो, पण माझे जुने करपट ढेकर गेले! रोज डायरीत नोंद करतो. तिलाही तेच सुचवले, तर हसून म्हणाली, आधी तुमचे तर चावून होऊ द्या. असे का म्हणाली असेल?

भाऊजींना नमस्कार. आळशी भावावरही लोभ असू दे.
तुझा केवळराम

बिरसी, ता. ९ डिसेंबर

चि. केवळरामास अनेक आशीर्वाद.
कॉलेज शिकला, अन् एवढं समजत नाही तुले? दिवाळीपासून तू म्हशीवानी रवंथ करून राहिला, अन् दिवाळीपासूनच तिचं दुखणं. तुझं झाल्यावर तुझ्याच ताटात जेवते ना ती? मग कवा जेवते? तुझे बत्तीस लिहून ठेवते, तिचे किती ते मोजले काय कधी? तुझे भाऊजी विचारून राहिले, कायले एवढा चावते, दात भाड्याचे आहेत काय?

नागपूरले ने, पण आधी घरात काय चाललं ते पाय. रागावली म्हणून माया आटली नाही.
रुख्मा

गोरेगाव, ता. १३ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. काल जेवून हात धुतले आणि बाहेर न जाता तिच्यासमोर बसलो. दीड वाजला होता. माझ्याच ताटात तिने गार भात घेतला. खळ्यावर मळणीची माणसे तिची वाट पाहत होती. मी मोजले. एक घास चार वेळा चावला, पुढचा तीन वेळा, मग पाण्याबरोबर नुसतेच गिळणे. सात मिनिटांत ताट रिकामे. सकाळच्या चहानंतर पोटात तेवढेच.

आधी का जेवत नाहीस, असे विचारले. म्हणाली, ताट कुठे रिकामे होते?

डायरी पुन्हा चाळली. इतक्या दिवसांत तिच्या जेवणाची एकही ओळ नाही. इतके बारीक मोजणाऱ्याला हे दिसले नाही, की पाहायचेच नव्हते? अजून ठरवता येत नाही.

शुक्रवारी नागपूरला नेतो. तुझा लोभ, आणि असा रागही, राहू दे.
केवळराम

ता. क. उद्याचे काम: फळीवरचे दुसरे ताट काढून माझ्या पाटाशेजारी मांडणे.