खालचा आवाज

प्रिय बाबा,

काल दुपारी टीव्हीवर तुम्ही वाचलेला तो जुना फ्रेंच सिनेमा लागला होता. नायक, नायिका, तिची खाष्ट सासू, सगळ्यांचं बोलणं पोलिशमध्ये वाचणारे एकटे तुम्ही, तेही एकाच सपाट आवाजात. त्याखाली पुसटसं त्यांचं फ्रेंच. आपल्याकडे पोलंडमध्ये परदेशी सिनेमे असेच बघतात, पण लहानपणी मला ते कुठे कळत होतं? "परदेशातल्या बायका आमच्या बाबांच्या आवाजात बोलतात," असं मी वर्गात ठणकावून सांगितलं होतं. बाई हसता हसता खुर्चीतच बसल्या.

पुढे कळायला लागल्यावर मी भांडायचे, "ती रडतेय, आणि तुम्ही बातम्या दिल्यासारखं काय वाचता!"

"रडणं तिचं काम आहे गं. मी मध्ये लुडबुड केली तर तिचं ऐकू कसं येणार? खालचा आवाज ऐक."

काल ती नायिका आपल्या मुलीला म्हणाली, "माझा जीव आहेस तू." तुमच्या आवाजात! मला तुम्ही असलं काही कधीच म्हणाला नाहीत, म्हणून मी चाळीस वर्षं मनातून रुसलेली. माझ्या वाट्याला रोज दारात एकच वाक्य, त्याच सपाट आवाजात: "बोझेंका, टोपी घाल, गारठा आहे."

काल पहिल्यांदा त्याच्याही खालचा आवाज ऐकू आला.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुम्ही ते आईला मोठ्याने वाचून दाखवाल, आणि सगळं सपाट करून टाकाल. रविवारी कोंबडीचं सूप प्यायला येतेच आहे.

टोपी घालून.

तुमची,
बोझेंका