काळ्या गाडीचा हट्ट

मिरजगाव, दि. १७ नोव्हेंबर २०२४

ती. ज्ञानेश्वरीताईस,
कानिफनाथचा सा. न. वि. वि.

मोबाईल भिंतीवर फोडला, म्हणून कागद घेतलाय. कॉलेजातल्या निकिताचं लग्न ठरल्याचं कळलं अन् हात आवरला न्हाई. याच हातापायी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सुटलं, ते तुला माहीतच हाय.

रंगनाथमामा लग्नात भाड्यानं द्यायला दोन दारांची जुनी गाडी घेतोय. पुण्यात दोन बघितल्या. पांढरी लिटरला अठरा देते, पण चढाला दम टाकते. काळी महागडी, सातच देते. पण पाय ठेवला की पाठ सीटला चिकटते. मामा पांढरीवर अडलाय. पहिलंच बुकिंग रविराजचं, म्हणजे निकिताच्या नवरदेवाचं. पाठवणीला गाडी मी चालवणार. निकिता बसली की मी निघालो. रविराज आडवा आला तर अंगावर घालीन. पांढरीनं हे जमायचं न्हाई. मामाला तू सांग, तुझं ऐकतो तो.

दाजींना नमस्कार. माया हाय तेवढी राहू दे.
तुझा कानिफ

श्रीगोंदा, दि. २३ नोव्हेंबर

चि. कानिफनाथ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दाजींच्या हाती लागू दिलं नाही. पाठ सीटला चिकटते म्हणे! जत्रेतल्या पाळण्यात बसून रडणारा तूच ना?

मामांना फोन करून सांगितलं, पांढरीच घ्या, अन् त्या लग्नाला आसाराम ड्रायव्हरला पाठवा. अंगावर घालायचं मात्र बोलले नाही. त्यांनी तुला घराबाहेर काढलं असतं. पत्रात दोन्ही गाड्यांचं मायलेज लिहिलंस, मामा लिहिलास, रविराज लिहिलास. निकिता काय म्हणाली, ते कुठंच नाही. तिला विचारलंस का?

इकडं तोड सुरू झालीय, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. जपून राहा. जीव तुझ्यातच अडकलेला असतो.
तुझी ताई

अहिल्यानगर, दि. १९ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

डाव्या हातानं लिहितोय. उजवा रविराजच्या भावांनी लोखंडी टॉमीनं मोडला. दवाखान्यात खाटेशी पोलीस बसलेला असतो.

पांढरीचा गिअरबॉक्स गेलाय असं मामाला खोटं सांगून काळीच आणली. पाठवणीच्या दिवशी मांडवामागं आसारामच्या तोंडावर पाना मारून किल्ली घेतली. त्याचे दोन दात पडले. निकिता अन् पाठराखीण म्हणून तिची छबूआत्या मागं बसल्या. छबूआत्या माझ्या खिजगणतीतच नव्हती. रविराज पुढची सीट सरळ करत होता, तेवढ्यात मी पाय दाबला. तो दाराला धरून फरफटला, मग सुटला.

निकितानं मागून माझी मान आवळली. म्हणाली, "रविराजला मी माझ्या तोंडानं हो म्हटलंय. गाडी थांबव." मी आणखी दाबला. पुढं उसाची ट्रॉली होती.

निकिताचं कपाळ फुटलं. छबूआत्याचे पाय सीटखाली चेंगरले. मागं दारच न्हाई, पत्रा कापायला दोन तास लागले. आत आत्या किंचाळत होती, बाहेर मला तुडवत होते. तिचा डावा पाय गुडघ्यापासून काढला.

मामा वकील घेऊन आला होता. म्हणाला, ॲक्सिलरेटर अडकला असं सांग, जुनी गाडी हाय, कुणीही मानंल. मी न्हाई म्हणालो. उद्या जबाब हाय. गाडीत काही बिघाड नव्हता, मीच दाबला, असं लिहून देणार.

छबूआत्याला डबा तू नेतेस, असं मामा म्हणाला. नेत जा. माझ्याकडं वळू नकोस. लोभ मागत न्हाई.
कानिफनाथ