गुणवंता, स्टॅकवर तुझं ताट राहिलं

प्रिय गुणवंता,

आपल्या भांडणात अखेर मी जिंकलो, हे कळवायला हे पत्र. चूक तुझी निघाली. आपल्या प्रोग्रामच्या तुझ्या भागात, असेंब्ली भाषेतल्या तुझ्या हातच्या फाईलमध्ये. इतकी वर्षं मशीन अडलं की तू खुर्चीत मागे रेलून म्हणायचास, "तुह्या सी-मधी पाह्य पयले," आणि दर वेळी घाण माझ्याच भागात, सी भाषेतल्या, सापडायची. आज पहिल्यांदा उलटं झालं. सेलूहून बसने परत येताना तुला ऐकवायची वाक्यं मी तोंडातल्या तोंडात जुळवत होतो. चांगली बोचरी जुळली होती. पवनारचा पूल मागे पडला तेव्हा लक्षात आलं, ऐकवायची कुणाला?

म्हणून लिहितोय. बाकी काही कारण नाही.

तू वैशाखात गेलास तेव्हा मी सदर लिहितो त्या साप्ताहिकाचे संपादक तुझ्यावर चार शब्द मागत होते. मी दिले नाहीत. जिवंत माणसांच्या खोड्या काढणं हा माझा धंदा, मेलेल्यांबद्दल चांगलंच लिहावं लागतं आणि तिथे माझी लेखणी बसते. शिवाय तुझ्याबद्दल चांगलं छापून आलं असतं तर तूच विचारलं असतंस, "हा कोन माणूस होय बे?"

तर ऐक. दिवाळीनंतर सेलूच्या जिनिंगचे शेठ फोनवर. कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत लागल्यात आणि आपण प्रोग्राम लिहून दिलेलं वजनकाट्याचं मशीन दुपार कलली की मरतं. बंद करून चालू केलं की पुन्हा नीट चालतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा मरतं. मंदीच्या दिवशी मात्र काही होत नाही. सगळ्या सेलूचं निदान एकच, कॉम्प्युटरच्या तारखा बिघडवणारा दोन हजार सालचा किडा. तो किडा जानेवारीत चावायचा होता, तो आत्ता कसा चावेल, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. आपल्याकडे किड्याला तारखेचं बंधन नसतं.

शेठचं निदान मात्र वेगळं होतं. मी सेलूला गेलो तेव्हा गादीवर बसून ते म्हणाले, "नंदूभाऊ, तो बाहेरचा बोर्ड लागला ना, तवापासून मशीन बिमार हाय."

"बोर्डाचा काय संबंध, शेठ?"

"मले काय मालूम? तुमी इंजिनेर. पन परवा पडद्यावरच बोर्ड बंद निवडून, त्याच्याशिवाय चालवून पाह्यली. दिवसभर मस्त चालली. मंग मी म्हनतो, बंदच करून टाकू ना बोर्ड. मशीन बी खुश, आपन बी खुश."

आपण म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. बाहेर गाडीवर बसलेला माणूस त्यात धरलेला नव्हता, एवढं मला कळलं.

तो बोर्ड तुझा. तू केलेलं शेवटचं काम. काट्याच्या खोलीच्या भिंतीवर, बाहेरच्या बाजूला, लाल आकड्यांचा. पूर्वी वजन आतल्या पडद्यावर दिसायचं आणि बाहेरच्याने आतल्याच्या तोंडाकडे पाहत राहायचं. तू आष्टीकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. गेल्या हंगामाच्या शेवटी तू शेठला म्हणालास, "ज्याचा कापूस त्याले वजन दिसाले नोको का?" शेठना नाही म्हणायला कारण सापडेना, कारण तू त्याचे वेगळे पैसे मागत नव्हतास. घरी बसून तू छोटंसं रुटीन, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, लिहिलंस. आतून एक आकडा घ्यायचा, बाहेरच्या बोर्डाला पाठवायचा. बस्स. आणि आता तेच एवढं काढून टाकायचं म्हणत होते. शेठ म्हणाले, नाहीतर नागपूरवाल्यांचं विंडोजवालं घेतो, त्यात बोर्ड-बिर्ड नाही. मी आठवड्याची मुदत मागितली. तुझं असं चालू राहिलेलं दुसरं काही या जिल्ह्यात उरलंय का, सांग. लग्न केलं नाहीस, घर बांधलं नाहीस, फोटो काढायला उभा राहिला नाहीस. तुझा म्हणून दाखवायला माझ्याकडे तो लाल आकडा तेवढा होता.

आईला तू स्टॅक समजावला होतास, ते आठवतं? तिने विचारलं होतं, "तुमी दोघं दिवसभर त्या डब्ब्यासमोर करता तरी काय?" तू सरळ उठून तिच्या मांडणीतली ताटंच काढलीस आणि जमिनीवर एकावर एक रचलीस.

"काकू, हे पाहा. प्रोग्राममधी एक काम दुसऱ्या कामाले बोलावते. जेवाले बोलावल्यासारखं. बोलावणारा ताट मांडते, त्यात आकडे वाढते. वापस कुठं जायाचं तो पत्ता बी तिथंच ठेवते. आलेल्यानं तिसऱ्याले बोलावलं, का त्याचं ताट याच्यावर. जेवन झालं का वरचं ताट पयले उचलाचं, मंग खालचं. पन उचलाचं कोनं? पाहुण्यानं का घरच्यानं? हे आधीच ठरवून घ्या लागते."

"त्यात ठरवाचं काय?" आई म्हणाली. "घरचीच उचलन."

"तुमच्या पोराची सी बी तेच म्हनते. बोलावणारा उचलन. मी म्हनतो, ज्यानं खाल्लं त्यानं उचलाव."

कॉलिंग कन्व्हेन्शन, म्हणजे ताट कुणी उचलायचं त्याची रीत, हा धडा मी कॉम्प्युटरच्या वर्गात आजही असाच शिकवतो. फक्त ताटं आणत नाही. आई देत नाही.

आणि तू नुसतं म्हणून थांबणारा नव्हतास. आश्रमातल्या शाळेत वाढलेला तू, स्वतःचं ताट स्वतः घासायचं ही तिथली रीत तुझ्या अंगात मुरली होती. आमचं घर मूळचं सेलूच्या कापडवाल्यांचं, आमच्याकडे पाहुण्याने ताटाला हात लावला तर घरची बाई मेली असं समजतात. पहिल्या दिवशी तू जेवून उठलास आणि ताट घेऊन थेट मोरीवर. आई मागे धावली.

"काऊन रे, माह्या घरी राख नाई का? का हात नाई मले?"

"काकू, मी खाल्लं, मी घासतो."

"मंग मी काय पाहत राहू?"

त्यावर तोडगा निघाला नाही. तू ताट घासायचास, आणि तू फाटकाबाहेर गेलास की आई तेच ताट पुन्हा घासायची. चिकटलेलं काही नसायचं. अपमान धुवायची. वर्षानुवर्षं हे चाललं आणि दोघांनीही ते कधी एकमेकांना बोलून दाखवलं नाही.

आपल्या प्रोग्रामचं पहिलं मोठं दुखणं नेमकं हेच निघालं, नाही का? ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. माझं सी आपल्या रीतीने ताट उचलत होतं आणि तुझं रुटीन त्याच्या रीतीने आधीच उचलून बसलेलं. एकाने उचलल्यावर दुसरा उचलायला गेला की खालचं ताट हातात येतं, आणि परतीचा पत्ता त्यातच असतो. काम संपवून मशीन घरी जायला निघायचं आणि कुठल्या कुठे भरकटायचं. आपण तीन दिवस एकमेकांना शिव्या दिल्या. मग ठरलं: तुझी जेवढी रुटीन्स, तेवढ्यांत तुझी रीत. ज्याने खाल्लं त्याने उचलायचं. माझ्या फाईलमध्ये तुझ्या प्रत्येक रुटीनच्या नावाआधी मी तसं लिहून ठेवलं, आणि त्या दिवसापासून ताटांवरून आपण भांडलो नाही.

म्हणून यावेळी तिथे बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी आधी माझं सी उपसलं. तुझा आवाज कानात होताच, तुह्या सी-मधी पाह्य पयले. पाहिलं. काही नाही. पुन्हा पाहिलं. काल-परवा दोन दिवस शेठच्या काट्याच्या खोलीत बसून प्रोग्राम एकेक पाऊल चालवला. मध्येच लाईट जायची, मी बाहेर येऊन गाडीवाल्यांबरोबर चहा प्यायचो, लाईट आली की पुन्हा पहिल्यापासून. असं काम एकट्याने करणं म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. तू असायचास तेव्हा एक जण पडद्यावरचे आकडे वाचायचा, दुसरा कागदावर स्टॅकचे चौकोन काढायचा. आता मीच वाचायचो, मीच काढायचो, आणि चौकोन चुकला तर हसायला कुणी नव्हतं.

आज दुपारी तुझ्या बोर्डाच्या रुटीनपाशी थांबलो. आत जाण्याआधी स्टॅकचं टोक कुठे आहे ते पाहिलं, परत आल्यावर पाहिलं. जुळेना. दोन बाइटांचा, म्हणजे वाढलेल्या एका आकड्याचा, फरक. पुन्हा बोलावलं, पुन्हा दोन. तेव्हा मी तुझी फाईल उघडली.

तुझ्या प्रत्येक रुटीनची शेवटची ओळ मला तोंडपाठ आहे. रेट, म्हणजे परत जा, आणि पुढचा आकडा म्हणजे जाताना आपलं एवढं एवढं उचलून ने. रेट दोन, रेट चार, जिथे जेवढं वाढलं असेल तेवढं. या एकात नुसतंच रेट. वाढलेला आकडा घेतलास, बोर्डाला दिलास, परतीचा पत्ता बरोबर उचललास आणि निघून गेलास. ताट तिथेच.

एका ताटाने काही बिघडत नाही, म्हणून तेव्हा कुणाला कळलं नाही. हंगाम सरत आला होता, गाड्या तुरळक होत्या. पण पडद्यावरचं वजन हललं की दर वेळी तुझं रुटीन बोलावलं जातं. दर वेळी एक ताट मागे. यंदा गाड्या रस्त्यापर्यंत. सकाळपासून ताटावर ताट चढत जातं, दुपार कलली की चळत छताला लागते आणि सगळंच कोसळतं. बंद करून चालू केलं की मांडणी पुन्हा रिकामी. किडा नव्हता, गुणवंता. खरकटी भांडी होती.

मी खुर्चीत मागे रेललो, अगदी तुझ्यासारखा, आणि मोठ्याने म्हणालो, "तुह्या असेंब्लीत पाह्य पयले." काट्यावरच्या माणसाने चमकून बघितलं. "मले म्हनलं का, साहेब?" मी म्हटलं, नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. मशीनचं तिला काय कळणार म्हणून सोप्या शब्दांत सांगितलं, की गुणवंताने शेवटच्या कामात आपलं ताट उचललं नाही, म्हणून सगळा घोळ. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"केव्हाचं हाय ते काम?"

"गेल्या माघातलं. होळीच्या आधी."

तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तवा जेवाले आलता तो. ताट ठेवूनच गेलता."

आणि मला ते सगळं दिसलं. तू जेवलास थोडंसं, पाण्याचा तांब्या ओढलास, ताटाकडे बघत बसलास आणि न उचलता उठलास. आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आनंदाने. इतक्या वर्षांनी जिंकली होती ती. तुझं ताट तिने मिरवत मोरीवर नेलं. शेजारच्या वहिनींना दुसऱ्या दिवशी सांगून आली, "आता घरचा झाला तो." मीही तुला म्हणालो, शेवटी माणसात आलास. तू हसलास. हसताना पोटावर हात धरला होतास, तो मी पाहिला. जेवण जास्त झालं असेल असं वाटलं. तू तर अर्धी भाकर टाकली होतीस.

वैशाखात तुला ज्याने नेलं ते दुखणं तेव्हाच होतं, तर सांगितलं का नाहीस? आम्ही दोघं समोर बसलो होतो. एवढा हिशेबी माणूस तू, कुठल्या कामात आत गेलास की आधी मशीनच्या रजिस्टरांतले आकडे जपून ठेवणारा, निघताना जसेच्या तसे लावून देणारा. वाकवत नव्हतं तर एवढं म्हणायचं होतं, "काकू, आज तुमी उचला." तिने कितीतरी आनंदाने उचललं असतं. आनंदानेच उचललं की, पण वेगळ्याच.

आता आई तांदळाचं सूप तसंच ठेवून देवापाशी बसली आहे. मी हे लिहितोय.

दुरुस्तीचं सांगायचं राहिलं. शहाणा माणूस तुझी फाईल उघडेल, शेवटच्या ओळीत रेटपुढे दोन लिहील आणि चहा प्यायला जाईल. मी फाईल उघडलीही होती. एक आकडा टाकायचा होता. नाही टाकला. तुझं रुटीन तू ठेवलंस तसंच ठेवलं, आणि माझ्या सी-मध्ये, तुला बोलावून झाल्यावर लगेच, हाताने एक ओळ लिहिली: दोन बाइट उचल. आपल्या कराराविरुद्ध आहे, ठाऊक आहे. तू असतास तर टेबलावर हात आपटला असतास. पण ताट उचलणारा आता मीच आहे, आणि मी आईचा मुलगा आहे.

संध्याकाळपर्यंत थांबलो. गाड्या येत होत्या, जात होत्या, मशीन मेलं नाही. शेठ दोनदा डोकावून गेले, जरा नाराजच दिसले. निघताना फाटकाशी एक बाई गाडीवरून मान वर करून बोर्ड वाचत होती. बैलाने पाय हलवला की आकडा डुलायचा, ती थांबायची, पुन्हा वाचायची. आतल्या कुणाच्या तोंडाकडे तिने पाहिलं नाही.

तुला शब्द देतो. हे मशीन सेलूत चालेल तोवर बोर्ड विझणार नाही. नागपूरवाले आले तर त्यांना आधी भिंतीवरचा तो बोर्ड दाखवीन, आणि त्यांनी नाही म्हटलं तर साप्ताहिकाचं पान माझ्याच हातात आहे. तुझी ओळ मी दुरुस्त करणार नाही, कुणाला करू देणार नाही. दर गाडीमागे तुझं ताट मी उचलीन. तू निवांत बस.

तुझा,
नंद्या

(सगळे नंदूभाऊ म्हणतात. या नावाने हाक मारणारा तू एकटाच होतास.)