बेचाळीस नंबरची बाटली

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
अर्धांगवायू औषध-परीक्षण योजना, पुणे.

विषय : बाटली क्र. ४२ मध्ये औषध होते की पीठ, हे कळविण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. ९ मार्च १९६४ चे पत्र.

महोदय,

अर्जदार गनी ताजुद्दीन शेख, किराणा दुकानदार, पौड, विनंतीपूर्वक कळवितो की,

१. गेल्या ऑगस्टात माझी पत्नी बीबीजान हिच्या अंगावरून वारे गेले. त्याच आठवड्यात माझा तीस वर्षांचा दोस्त गोमा, रा. माले, याचेही तेच झाले. आपले डॉक्टर माझ्या दुकानी बसले, चहा घेतला आणि यावर नवी गोळी आली आहे म्हणाले. गोमा दवाखान्याच्या नावाने थरथरणारा माणूस. त्याने अंगठा दिला तो माझ्या शब्दावर.

२. कंपाउंडरने ४१ व ४२ नंबरच्या बाटल्या माझ्याकडे दिल्या. कोणतीही कोणाला द्या, नाव-नंबर तेवढा लिहून कळवा, असे सांगितले. ४१ चे लाखेचे सील तडकलेले होते. दुकानदाराची सवय, साहेब : गिऱ्हाइकाला चोख माल, तडकलेला घरी. ४२ नंबर मी गोमाला दिली.

३. बीबीजान आता भाकरी थापते. गोमा जानेवारीत गेला.

४. ही खबर मी कळविली, त्यावर आपले संदर्भीय पत्र आले. निम्म्या बाटल्यांत नुसत्या पिठाच्या गोळ्या होत्या म्हणे, तुलनेसाठी! साहेब, मी जन्मभर तराजू धरला, पण पारड्यात माणूस घातला नाही. हे आधी का नाही सांगितलेत? केसाने गळा कापलात आमचा. आणि कोणत्या बाटलीत काय, ती यादी सीलबंद, १९६६ पर्यंत उघडणार नाही. डॉक्टरांना ठाऊक नाही, कंपाउंडरला नाही, मेलेल्याला तर नाहीच. ठाऊक फक्त आपल्या कपाटाला. तेव्हा हा अर्ज त्या कपाटालाच केला आहे असे समजावे.

५. गोमाची बायको साळूबाई दर बाजाराला माझ्या दुकानी पायलीभर तांदूळ ठेवून जाते. म्हणते, "तुमी चांगली बाटली आमाला दिली, तडकल्याली घरी ठिवली. म्या इसरायची न्हाई." तांदूळ परत घेत नाही. मी ते वेगळ्या पोत्यात ठेवतो, शिजवत नाही. तिला खरे काय ते सांगावे, तर मलाच ठाऊक नाही.

तरी ४२ नंबरचे काय ते एका ओळीत कळवावे. नियमात बसत नसेल, तर आपण स्वतः बाजाराच्या दिवशी येऊन तिचे तांदूळ आपल्या हाताने घ्यावेत. मी बाजूला उभा राहीन.

आपल्या शब्दावर विसंबलेला,
गनी ताजुद्दीन शेख
पौड, ता. मुळशी
दि. २ एप्रिल १९६४

सोबत :
१) बाटली क्र. ४१, रिकामी.
२) बाटली क्र. ४२, आत नऊ गोळ्या. साळूबाईने त्या फडक्यात जपून ठेवल्या होत्या. दुसऱ्या कुणा गरिबाला द्याव्यात, असे तिचे सांगणे आहे.