शेवंतीसाठी मांडव

४ मार्च २००१, रविवार
बँकेतून व्हीआरएस घेतली. घरात माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेणारी एकच, शेवंती. मांजर असली तरी समज आहे. पेपर वाचताना मांडीवर बसते, मध्ये बोलत नाही. बायकोला, म्हणजे जयवंतीला, हे अजून जमलेलं नाही.
पण हल्ली शेवंती दिवसभर खिडकीच्या ग्रिलला नाक लावून ओरडते. बाहेर सोडायची सोय नाही. आधीच्या बोक्याला रिक्षाने उडवलं. शिवाय भिंतीपलीकडे ॲन्सेल्म परेरा, त्याचा कुत्रा आणि त्याचे वाळत घातलेले बोंबील. तिघेही सारखेच उग्र.
जयवंती म्हणाली, हे रडणं ऐकवत नाही, पाडव्यापर्यंत काहीतरी करा, नाहीतर शेवंती विरारला सीमाकडे जाईल. सीमा आमची मुलगी. तिला मांजरं ‘क्यूट’ वाटतात. शेवंती क्यूट नाही. देणार नाही म्हणजे नाही.
ठरलं. तळमजल्याचा फायदा घ्यायचा. मागच्या दाराला लागून जाळीचा मांडव. सकाळी आत मी, शेवंती, चहा, पेपर. दोन दिवसांचं काम.

७ मार्च
हार्डवेअरवाल्याने जाळीचा भाव सांगितला आणि वर हसला. त्याच्या दुकानात पुन्हा पाय ठेवणार नाही. त्यापेक्षा अर्नाळ्याच्या कोळ्यांकडून जुनं जाळं आणतो. भरसमुद्रात टिकतं, ते शेवंतीपुढे टिकणार नाही? बांबू निर्मळहून. डोकं लागतं.

११ मार्च
जाळं आलं. रिक्षावाला पूर्ण रस्ता नाक धरून. नाटकी लोक.
जयवंती म्हणते, आधी धुवा. तिला समजावलं की धुतल्यावर नायलॉन कमजोर होतं. तिने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. वाद हरली की असंच करते.
ॲन्सेल्मने भिंतीवरून विचारलं, गटारात मासेमारी सुरू करताय का? मी म्हटलं, तुमचा उपवासकाळ चालू आहे ना, मग तोंडालाही उपवास घडवा. भिंतीआड वाकला. बहुतेक हसू आवरत होता.

१४ मार्च
मांडव उभा. थोडा कललाय. वाऱ्यासाठी मुद्दाम.

१५ मार्च, सकाळ
शेवंतीला घेऊन थाटात बाहेर आलो. भिंतीवर मांजरं, पाण्याच्या टाकीवर मांजरं, माझ्या स्कूटरवर मांजरं. एक तर मांडवाच्या छपरावर बसून जाळं चाटत होतं. अख्ख्या वसईतली गोळा झाली असावीत. शेवंती फुगली, माझा हात ओरबाडला आणि पलंगाखाली गेली ती गेलीच.
हे ॲन्सेल्मचंच काम. मुद्दाम बोंबील टाकले असणार. पुरावा नाही. मिळेल.

१८ मार्च
जाळं कुरतडलं. एका फाटक्या कानाच्या बोक्याने आत मुक्काम ठोकला. सोसायटीच्या सेक्रेटरी विनयाबाई वासाबद्दल बोलायला आल्या. मी म्हटलं, आधी जिन्यातला बल्ब बदला. त्या तडक जयवंतीकडे गेल्या. चहा मिळाला त्यांना! मला सकाळपासून नाही.
जाळ्यावर फिनेल ओतलं. आता फिनेल आणि मासे, दोन्हींचा वास येतो.

२२ मार्च
काठी घेऊन मांडवात पहारा. बोका काठीला पाठ घासतो. माझ्या चपलेत मुतला. जयवंतीने सांगून टाकलंय, आंघोळ केल्याशिवाय हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही. बाहेरच जेवलो. हवा छान आहे.

२६ मार्च, पाडवा
जिंकलो! शेवंती विरारला जात नाही. जयवंतीने स्वतः सांगितलं: ती मांजरांची जत्रा पाहिली त्या दिवसापासून खिडकीकडे फिरकली नाही, ओरडणं बंद, बाहेरची हौसच फिटली. म्हणजे मांडवाचा उपयोग झाला. ॲन्सेल्मलाही भिंतीवरून सुनावलं. त्याने अभिनंदन केलं. खवचट मेला.
नवा झब्बा घातला, पेपर घेतला, शेवंतीला मांडीवर घ्यायला गेलो. तिने झब्बा हुंगला. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तो बोका. फिस्कारली. जाऊन जयवंतीच्या मांडीवर बसली. जयवंती एक शब्द बोलली नाही, नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.
वाईट वाटलं. लिहायला हरकत नाही, वाचतंय कोण.
मांडवात खुर्ची टाकून बसलोय. बोका मांडीवर चढला. त्याला अग्रलेख वाचून दाखवायला घेतला. मध्येच ओरडतो.